कॅमेऱ्याचा खर्च कुठे वसूल होतो: म्हापशाचं दुकान आणि हरमलचं गेस्ट हाऊस

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. म्हापशाच्या बाजारात काजू-मसाल्याचं दुकान आणि हरमलला सात खोल्यांचं गेस्ट हाऊस. मुलाने सोळा कॅमेऱ्यांचं १,१२,००० रुपयांचं कोटेशन आणलंय, दोन्हीकडे आठ-आठ. वडील म्हणतात, वीस-वीस वर्षं आपल्याकडे राबणाऱ्या माणसांवर डोळा ठेवणं शोभत नाही. आणि एवढे पैसे घातल्यावर धंद्याच्या पदरात काय पडणार, हे तुम्हाला कळेना.

मी २००६ पासून हेच काम करतो. राहायला डिचोलीला, पण काम बार्देस, पेडणे, सत्तरी असं सगळीकडे. सुरुवात केली तेव्हा संगणकात एक कार्ड बसवायचं, त्याला चार कॅमेरे जोडायचे, आणि चित्र असं यायचं की सख्खा भाऊ दुकानात शिरला तरी चालण्यावरून ओळखावा. कॅमेरे विकूनच माझं पोट भरतं, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा. तरीही सांगतो, तुम्हाला सोळा नकोत. दुकानात चार आणि गेस्ट हाऊसला तीन पुरेत. वाचलेले पैसे कुठे घालायचे ते पुढे येईलच.

आधी चोरीचं बोलू, कारण माहितीपत्रकात तेच ठळक छापलेलं असतं. कॅमेरा दिसला की चोर येत नाही, हे अर्धंमुर्धं खरं आहे. सीसीटीव्हीवर चाळीस वर्षांत झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरे असलेल्या ठिकाणी गुन्हे साधारण १३ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यात दिसलं. सगळ्यात ठळक फरक गाड्यांच्या पार्किंगमध्ये होता. मारामारीसारख्या हिंसक गुन्ह्यांवर म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाही. माझा अनुभव याला धरूनच आहे. ठरवून, पहार घेऊन येणारा माणूस कॅमेरा बघून मागे फिरत नाही, तोंडाला रुमाल बांधून येतो. जाता जाता हात मारणारा मात्र तुमचं दुकान सोडून पुढच्या दुकानात शिरतो. तेवढ्या भरवशावर लाखभर रुपये घालायला मी सांगणार नाही.

पैसे वसूल होतात ते रोजच्या बारीकसारीक तंट्यांत. शुक्रवारच्या बाजाराची गर्दी डोळ्यांसमोर आणा. गल्ल्यावर तुम्ही, समोर पाच गिऱ्हाइकं, आणि त्यातली एक बाई म्हणते, "हांवें पांचशेंची नोट दिली." तुमच्या हातात दोनशेची. पूर्वी अशा वेळी एक तर तुम्ही निमूटपणे तीनशे रुपये सोडायचे, नाहीतर आवाज चढायचा आणि उरलेली चार गिऱ्हाइकं बाजूच्या दुकानात जायची. गल्ल्याच्या बरोबर वर, नोटेचा रंग कळेल असा एक कॅमेरा असला की दोन मिनिटांत निकाल लागतो. बहुतेक वेळा दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतं, गर्दीत घोळ झालेला असतो. म्हणून मी सांगतो, स्क्रीन गिऱ्हाइकाकडे फिरवून दाखवा, आणि चूक तुमची निघाली तर पैसे परत देताना वर मूठभर मनुका द्या. ते गिऱ्हाईक कुठे जात नाही.

हाच तंटा मोबाईलच्या पैशांवरून असेल तर कॅमेऱ्याचा उपयोग कमी. पैसे गेल्याचा खोटा पडदा दाखवून माल नेणारे आता भेटतात, आणि कॅमेऱ्यात दिसतो तो फक्त एक मोबाईल पुढे केलेला हात. त्याला इलाज आवाज करून सांगणारा साउंडबॉक्स. तो कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, आधी तो घ्या.

आता तुमच्या वडिलांच्या आक्षेपाकडे वळतो, आणि त्यासाठी एक गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्याच धंद्यातली आहे. काही वर्षांपूर्वी किनाऱ्याकडच्या एका काजूवाल्याने मला बोलावलं. आठवड्याला तीन-चार किलो काजूगर कमी भरत होते. त्याचा संशय एका पोरावर, जो अकरा वर्षं त्याच्याकडे होता. मला म्हणाला, याच्या डोक्यावर एक छुपा कॅमेरा लाव. छुपा लावत नाही असं मी सांगितलं आणि सगळ्यांना दिसेल असा एक कॅमेरा काट्यावर, एक खुल्या बरण्यांवर लावला. दहा दिवसांनी आम्ही दोघं चहा घेऊन बघायला बसलो. पोराचा हात कुठेच वावगा गेला नव्हता. पण पर्यटकांची बस थांबायची, चाळीस माणसं आत यायची, प्रत्येक जण 'चव बघायला' पाच-सहा गर उचलायचा, आणि त्यातले आठ जण पाव-पाव किलो घेऊन निघायचे.

तुम्ही काजूवाले आहात, हिशेब तुमच्या लगेच लक्षात येईल. डब्ल्यू २४० या प्रतीचा काजू म्हणजे पौंडाला २२० ते २४० गर. चाळीस माणसांनी सहा-सहा उचलले की २४० झाले, म्हणजे जवळजवळ अर्धा किलो एका बसला. आठवड्याला सात-आठ बसेस. पोराने काय चोरायचं होतं! मालकाने दुसऱ्या दिवसापासून मोठ्या गरांच्या बरण्यांना झाकणं लावली आणि चव बघायला तुकड्याची वाटी पुढे ठेवली. पोर अजून तिथेच आहे. त्या दहा दिवसांत मालक त्याच्याशी धड बोलला नव्हता, हे मात्र त्याला कळलं होतं, आणि त्याने ते मला एकदा बोलून दाखवलं.

तेव्हा वडिलांना सांगा, संशय कॅमेऱ्याच्या आधीपासूनच दुकानात असतो. माल कमी भरला की मनात कुणाचं तरी नाव येतंच. कॅमेरा ते नाव खोडू शकतो. पण त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही, कारण उलटं झालेलंही मी पाहिलंय. पणजीत एका खानावळीच्या मालकाने घरी बसून मोबाईलवर दिवसभर स्वयंपाकघर बघायला सुरुवात केली. पंधरा मिनिटांनी एकदा फोन. "तो पंखा कुणी चालू ठेवला? कांदा एवढा जाड का कापतोय?" डिसेंबरच्या ऐन हंगामात दोन आचारी एकाच दिवशी निघून गेले. कॅमेरे चांगले होते, मीच बसवले होते.

म्हणून तुमच्याकडे काम करायचं झालं तर माझ्या तीन अटी राहतील. कामगारांना आधी सांगायचं, कॅमेरे कुठे आहेत ते हात करून दाखवायचं, आणि पाटी लावायची. शिवाय मोबाईलवरचं थेट चित्र फक्त दुकान बंद असताना बघायचं, चवथीला चार दिवस गावच्या घरी गेलात की रोज रात्री खुशाल बघा. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवायचं. माणसं कामावर आपसांत काय बोलतात ते ऐकून कुणाच्याच धंद्याचं भलं झालेलं मला माहीत नाही.

आता कोटेशनकडे येतो. तुम्ही पाठवलेल्या कागदावर मला सगळ्यात आधी खटकलं ते कॅमेऱ्यांखालच्या ओळीत: दोन्हीकडे एक-एक टीबीची हार्डडिस्क. साधा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या बेताने चोवीस तास रेकॉर्ड करत राहिला तर दिवसाला २१.६ जीबी जागा खातो. आठ कॅमेऱ्यांचे झाले १७२.८ जीबी. एक टीबी पावणेसहा दिवसांत भरते आणि मग जुनं पुसून त्यावर नवं लिहायला लागते. म्हणजे या शुक्रवारच्या बाजारातला घोळ पुढच्या शुक्रवारी कुणी काढला, तर दाखवायला काही उरलेलं नाही. चार कॅमेरे आणि चार टीबी ठेवलीत तर सुमारे दीड महिना मिळतो. पर्यटकाची तक्रार तो दिल्लीला पोचल्यावर येते, मालाचा हिशेब महिनाअखेरीला जुळवतात. दीड महिना लागतोच. आणि डिस्क सर्व्हेलन्सची म्हणून मिळते तीच घ्या. साधी संगणकाची डिस्क चोवीस तास सतत लिहिण्यासाठी केलेली नसते.

डिस्कचा विषय निघालाच आहे तर माझी एक चूक सांगून टाकतो. साखळीजवळच्या एका दुकानात मी सहा कॅमेरे बसवले होते. चवथीच्या सुट्टीत मागचं दार फोडून गल्ला आणि बराच माल गेला. मालकाचा फोन आला तेव्हा मी बिनधास्त होतो, फुटेज आहे म्हणून. जाऊन बघतो तर डिस्क चार महिन्यांपासून मेलेली. पडद्यावर सहाही चौकटी स्वच्छ दिसत होत्या, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. थेट चित्र दिसायला डिस्क लागत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून काम संपवताना मी मालकाकडून एक गोष्ट करवून घेतो: महिन्याच्या पहिल्या तारखेला आदल्या दिवशीचं दुपारी तीन वाजताचं रेकॉर्डिंग काढून दोन मिनिटं बघायचं. त्याच वेळी पडद्यावरचं घड्याळ मोबाईलशी ताडायचं. वीज जाऊन येऊन आणि आतली बॅटरी उतरून हे घड्याळ भरकटतं, आणि पाऊण तास चुकलेलं फुटेज पोलीस ठाण्यात उपयोगी पडण्यापेक्षा गोंधळच जास्त घालतं.

त्याहूनही जुनी चूक म्हणजे २००९ मध्ये डीव्हीआर, म्हणजे डिस्क असलेलं रेकॉर्डिंगचं यंत्र, मी गल्ल्याखालीच ठेवला होता, वायर कमी लागते म्हणून. चोरांनी गल्ल्याबरोबर तोही नेला. आता डीव्हीआर मी माळ्यावर, कुलूपबंद जाळीच्या पेटीत ठेवतो. जाळी हवीच, नाहीतर आत गरम होतं. आणि वायरची भोकं बुजवा. पालीने आत अंडी घातलेला डीव्हीआर मी एकदा नव्हे, अनेकदा उघडलाय.

कॅमेरा कुठे लावायचा हा प्रश्न किती लावायचे यापेक्षा मोठा आहे. अनोळखी माणसाचा चेहरा पुराव्याला टिकेल इतका ओळखता यायचा, तर चित्रात एक मीटर रुंदीला किमान २५० पिक्सेल मिळाले पाहिजेत, असं या धंद्यातलं मानक आहे. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची आडवी रुंदी १९२० पिक्सेल. भागून बघा, साडेसात मीटरच्या वर दृश्य गेलं की चेहरा गेला. कोटेशनमध्ये सगळीकडे लिहिलेली २.८ मिलिमीटरची लेन्स खूप रुंद बघते, त्यामुळे ती जेमतेम चार मीटरपर्यंत चेहरा देते. त्यापुढे फक्त 'निळा शर्ट, जरा जाडसर' एवढंच. दुकान भरून दिसावं म्हणून चारही कोपऱ्यांत रुंद कॅमेरे लावतात आणि नेमका ज्याचा चेहरा हवा तो कुठल्याच चित्रात नसतो.

तुमच्या दुकानाचं तोंड रस्त्याकडे आहे. दुपारच्या उन्हात आत शिरणारा माणूस कॅमेऱ्याला काळ्या सावलीसारखा दिसतो. दाराच्या कॅमेऱ्याला खरं डब्ल्यूडीआर, म्हणजे ऊन आणि सावली एकाच चित्रात सांभाळण्याची सोय, हवीच. साधारण १२० डेसिबल असं त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. उंची सात-साडेसात फूट, जास्त नको. छताला लावलात तर टोपी आणि हेल्मेट दिसेल, आणि आपल्याकडे अर्धं गिऱ्हाईक स्कूटरवरून उतरून हेल्मेटसकटच आत येतं. मसाल्याच्या कप्प्यांच्या चौकटीत, त्याच उंचीवर बसवला की काम होतं.

तेव्हा दुकानात एक दाराच्या आत, चेहऱ्यासाठी. एक गल्ल्यावर, सरळ खाली बघणारा. एक काट्यावर आणि बरण्यांवर. चौथा मागच्या दाराला, माल उतरतो तिथे, गोणी मोजता येईल असा. टेम्पोतून उतरताना मोजलेल्या आणि बिलावरच्या गोण्या जुळल्या नाहीत, तर पुरवठादाराशी भांडण्याऐवजी त्याला तो तुकडा पाठवायचा. हा चौथा कॅमेरा माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांना नको असतो, आणि वर्षभराने विचारलं तर सगळ्यात जास्त कामाला आलेला तोच असतो.

गेस्ट हाऊसची तऱ्हा वेगळी. तिथे तुमचे तंटे पाहुण्यांशी आहेत, आणि दुसरा शत्रू समुद्र. स्वागतकक्षात एक, पार्किंगवर एक, आणि आवाराच्या फाटकाला एक, एवढंच. तुम्ही पाहुण्यांना स्कूटर भाड्याने लावून देता असं लिहिलंय. मग पार्किंगच्या कॅमेऱ्यासमोर जमिनीवर एक पिवळी चौकट आखा आणि स्कूटर देताना-घेताना तिथेच उभी करून सगळीकडून फिरवा. ओरखडा आधीचा की नंतरचा, ही हुज्जत तिथेच संपते. भाड्याच्या स्कूटरच्या काळ्या नंबरपाटीवरची पिवळी अक्षरं रात्री वाचायची असतील तर तिथे एक दिवा जळता ठेवा, कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेडच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाच्या, भरवशावर राहू नका.

खोल्यांच्या दारांसमोरच्या ओसरीत मी कॅमेरा लावणार नाही. कोण कुणाच्या खोलीत किती वाजता गेलं याची नोंद ठेवणं तुमचं काम नाही, आणि तसली नोंद बाहेर गेली तर गेस्ट हाऊस बुडालं समजा. जिन्याच्या तोंडाशी एक ठेवायचा मोह होतो, तोही फाटकाच्या कॅमेऱ्याने भागतो. न्हाणीघर, कपडे बदलायची जागा, पोहण्याच्या तळ्याजवळची शॉवरची जागा यांच्या दिशेला तर तोंडसुद्धा नको. २०१५ मध्ये कांदोळीच्या एका कपड्याच्या दुकानात ट्रायल रूमच्या बाजूला रोखलेल्या कॅमेऱ्यावरून देशभर केवढा गदारोळ झाला होता, तो तुम्हाला आठवत असेल. माणसाचं खाजगी अंग त्याच्या संमतीशिवाय चित्रित करणं किंवा पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चोरून बघण्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ७७ वेगळं आहे.

समुद्राचं म्हणाल तर कॅमेऱ्यावर आयपी ६७ लिहिलेलं बघून निर्धास्त होऊ नका. तो आकडा धूळ आणि पाण्याचा आहे, मिठाचा नाही. हरमलच्या वाऱ्यात साधा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून त्याचा लाल ओघळ भिंतीवर उतरतो, आणि एके दिवशी कॅमेरा मान टाकतो. स्क्रू आणि पट्ट्या ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या, ३०४ सुद्धा किनाऱ्यावर डागाळतं. जोड सगळे पीव्हीसीच्या बंद डब्यात, वायर डब्यात खालून शिरवायची, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून आत जात नाही. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने ओलं केलेलं फडकं काचेवरून फिरवा.

रात्री वेगळीच पंचाईत होते. इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, किड्यांच्या मागे कोळी येतात, आणि काचेपुढे विणलेलं जाळं उजेड परत फेकून अख्खं चित्र पांढरं करतं. त्यात माडाच्या झावळ्या हलल्या की मोबाईलवर 'हालचाल दिसली' असा इशारा. रात्रीत दोनशे इशारे आले की माणूस इशारेच बंद करून टाकतो. माणूस आणि गाडी ओळखून तेवढ्याचाच इशारा देणारे कॅमेरे आता थोड्या जास्त पैशांत मिळतात. फाटकाला तसला घ्या, आणि दिवा कॅमेऱ्यापासून तीन-चार फूट दूर लावा, म्हणजे किडे दिव्याकडे जातील. बाकी झाडूचा काठीला बांधलेला कुंचा, आठवड्यातून एकदा. यावर याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

आकाशातली वीज हा तिकडचा सगळ्यात खर्चिक शत्रू. मांद्रेला एका ठिकाणी दोन इमारतींच्या मधून मी तांब्याची केबल उघड्यावरून नेली होती. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी गडगडाट झाला, आणि नऊ कॅमेरे, त्यांच्या केबल जोडणारा नेटवर्क स्विच, एनव्हीआर (नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर), सगळं एका झटक्यात गेलं. वीज थेट पडलीही नव्हती, जवळपास कुठेतरी पडली होती. तेव्हापासून दोन इमारतींमध्ये मी फायबरच टाकतो. काचेच्या तंतूतून विजेचा झटका पलीकडे जात नाही. चिऱ्याच्या खडकाळ जमिनीत अर्थिंग सहजासहजी मिळत नाही, त्यासाठी वेगळा खोल खड्डा घ्यावा लागतो, आणि त्याचे पैसे कोटेशनमध्ये कुणीच लिहीत नाही. तुमच्याही कागदावर नाहीत. कॅमेरे कमी करून वाचलेल्या पैशांतून आधी हे अर्थिंग, विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर, दोन तास चालणारा यूपीएस आणि मोठी डिस्क घ्या.

इंटरनेटवरून चित्र बघायचं तर पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, तोही बसवणाऱ्यासमोर नको, तो गेल्यावर. हे मी माझ्या स्वतःच्या गिऱ्हाइकांनाही सांगतो. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर मोठमोठी संकेतस्थळं पाडली. ते दूरचं वाटत असेल तर २०२५ चं राजकोट बघा, तिथल्या एका प्रसूतिगृहातलं कॅमेऱ्याचं चित्रण बाहेर जाऊन विकलं गेलं. एप्रिल २०२५ पासून आपल्या देशात कॅमेऱ्यांना सुरक्षिततेच्या सरकारी चाचण्या लागू झाल्या आहेत. कोटेशनमध्ये मॉडेल नंबर मागा आणि त्याचं प्रमाणपत्र दाखवायला सांगा. 'जुना स्टॉक आहे, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

आणि समजा खरंच चोरी झाली, पोलीस आले, तर काय करायचं हे आधीच माहीत असू द्या. २०१४ च्या जालन्याच्या निवडणुकीत एक उमेदवारी अर्ज वेळेत भरला की वेळ टळल्यावर, यावर वाद झाला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. ते प्रकरण, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२० मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ यंत्र हजर न करता नुसती प्रत द्यायची असेल तर कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र जोडावंच लागेल. तेव्हा ते पुरावा कायद्याचं कलम ६५ ब होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, आणि नव्या नमुन्यात फाइलचा हॅशही लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा, फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी तो बदलतो.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच: घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा अर्धा तास धरून फुटेज त्याच दिवशी पेनड्राइव्हवर उतरवा, डीव्हीआरच्या मूळ स्वरूपातच, पडद्याचं मोबाईलने काढलेलं चित्रण चालत नाही. एक प्रत पोलिसांना द्या आणि पोच घ्या. डीव्हीआरच पंचनाम्यात जाणार असेल तर त्याआधी तुमची प्रत काढून ठेवा. आणि हौसेने तो व्हिडिओ 'हा बघा चोर' म्हणून गावच्या ग्रुपवर टाकू नका. तो चोर नसला तर नवीन खटला तुमच्यावर. विम्याच्या दाव्यालाही एफआयआर आणि हेच फुटेज लागतं, त्यामुळे मूळ फाइल दावा निकाली लागेपर्यंत पुसू नका.

कोटेशन देणाऱ्याला आता फक्त तीन गोष्टी विचारा. दाराच्या कॅमेऱ्यात किती अंतरावरचा चेहरा ओळखू येईल ते तुमच्याच दुकानात उभं राहून दाखवशील का, रेकॉर्डिंग किती दिवस राहील ते लिहून देशील का, आणि डिस्क मेली तर मला कळेल कसं. तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण गप्प होतात. डिस्क बंद पडली की बझर वाजवायची आणि मोबाईलवर संदेश पाठवायची सोय बहुतेक यंत्रांत असते, कुणी चालू करून देत नाही इतकंच.

वडिलांना माझा नमस्कार सांगा, आणि जमलं तर गल्ल्यावरचा कॅमेरा कुठे असावा हे त्यांनाच ठरवू द्या. दुकानाचं काम कधीही होईल, पण हरमलचं बाहेरचं मृग लागायच्या आत उरका. एकदा पाऊस सुरू झाला की त्या शेवाळलेल्या चिऱ्यांना शिडी टेकवून मी माझ्या पोरांना वर चढवत नाही, मग ते काम थेट चवथीनंतर.